नव्वदीची बालहुतात्मा

मी एका बाईला मारलंय. नांदेडात, कॉलेजच्या लायब्ररीत, भरदुपारी, जेवणाचा डबा उघडायच्या आधी. हत्यार म्हणाल तर माउस. एकदा क्लिक केलं आणि काम तमाम. ती बाई तिकडं लातुरात चांगली पाय पसरून शेंगा फोडत बसली होती, हे मला कळायला पुढं दोन महिने गेले.

एक आधीच सांगून ठेवते. या लेखात कुणाचंच नाव येणार नाही. सगळी भानगड एका नावाचीच आहे, तरी नाही. नावं लिहायच्या नादात मी एकदा चांगली पोळलेय आणि आता सतरा वेळा विचार केल्याशिवाय मी स्वतःचं नावसुद्धा लिहीत नाही.

तर झालं असं की आमच्या कॉलेजात मुक्तिसंग्रामाचा डिजिटल संग्रह करायचं ठरलं. निजामाच्या राजवटीतून मराठवाडा सुटला, त्या लढ्याची पत्रं, पत्रकं, वह्या, फोटो, जे जे कुणाच्या ट्रंकेत नाहीतर माळ्यावर सापडेल ते आणायचं, स्कॅन करायचं आणि वेबसाइटवर चढवायचं. कल्पना चांगलीच होती. कल्पना चांगल्याच असतात हो, राबावं माझ्यासारखीला लागतं. मी लायब्ररीत कंत्राटी. अकरा महिने नोकरी, एक महिना धाकधूक, मग पुन्हा अकरा महिने. मूळची धर्माबादची, मिरचीच्या बाजारामागं वाढलेली. आमच्याकडं लेकरू बोलायच्या आधी शिंकायला शिकतं. त्यामुळं जिभेला धार आहे, पण करार संपत आला की ती आपोआप बोथट होते, हेही कबूल करते.

संग्रहाचे प्रमुख म्हणजे आमचे इतिहासाचे सर. माणूस वाईट नाही. आमच्या आईच्या ऑपरेशनला स्वतः दवाखान्यात येऊन बसले होते. फक्त समोर माईक दिसला की त्यांच्यातलं काहीतरी सुटतं. मग त्यांना थांबवायला लाइटच जावी लागते.

एके दिवशी एका घरातून एक वही आली. शाळकरी वही, कडा उंदरांनी खाल्लेल्या, पानांना रॉकेलचा वास. पैनगंगेच्या पलीकडं, निजामाच्या हद्दीबाहेर, लढणाऱ्यांचा एक कॅम्प होता. अलीकडच्या गावांतून तिथं निरोप जायचे. निरोप कोण घेऊन आलं, काय आणलं, हे त्या वहीत लिहिलेलं. शेवटचा रकाना होता ‘गाठ’. त्याखाली प्रत्येक ओळीत ‘ठीक’, ‘ठीक’, ‘ठीक’. ही गाठ म्हणजे काय ते कुणाला कळेना. सरांनी ठरवून टाकलं की ही सांकेतिक भाषा आहे आणि गाठ म्हणजे बंदुका.

ती अख्खी वही मी टाइप केली. डोळ्यांचं पाणी झालं. त्यात एका पोरीचं नाव सारखं यायचं. नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, वय अकरा. ‘भाकरीसोबत चिठ्ठी आणली. गाठ ठीक.’ पुन्हा आठ दिवसांनी तेच. मला त्या नावाचा लळाच लागला. पान उलटलं की मी आधी ते शोधायची. आणि मग वैशाखात एकदम बंद. पुढं वहीची वीस-पंचवीस पानं आहेत, पण पोरीचं नाव नाही.

आता आमच्या सॉफ्टवेअरची गंमत ऐका. प्रत्येक माणसाचा एक फॉर्म भरायचा. त्यात एक रकाना, ‘पुढे काय झाले’. तो भरल्याशिवाय फॉर्म सेव्हच होत नाही. पर्याय चार: तुरुंगवास, भूमिगत, हुतात्मा, नंतर सन्मानित. पाचवा नाही. मी सरांना विचारलं, “सर, या पोरीचं काय टाकू? माहिती नाही असा पर्यायच नाही.”

“माहिती नाही असं संशोधनात लिहायचं नसतं मॅडम,” सर म्हणाले. “अकरा वर्षांची मुलगी. सीमेवरची कामगिरी. अचानक नाहीशी होते. काय झालं असेल? विचार करा.”

मी कसला विचार करतेय. डब्यात मेथीची भाजी होती आणि भूक लागली होती. मी ‘हुतात्मा’वर क्लिक केलं. फॉर्म हिरवा झाला. मी हात धुतले आणि जेवायला बसले.

सरांनी मात्र ते फारच मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी ते ‘बालहुतात्मा’ म्हणायला लागले. आठवड्याभरात त्यांचे डोळे भरून यायला लागले. चित्रकाराकडून पोस्टर काढून घेतलं. फोटो नव्हता म्हणून त्यानं आपल्या मनानं काढली: टपोरे डोळे, दोन वेण्या, उजव्या हातात झेंडा. अंगावर एवढा कोरा करकरीत परकर की भाकरी घेऊन निघालीय का लग्नाला, ते कळू नये.

मग संग्रहाचं लोकार्पण झालं. नांदेडच्या मोठ्या सभागृहात. पाहुण्यांनी टेबलावरचं लाल बटन दाबलं की मागच्या पडद्यावर वेबसाइट उघडणार होती. पाहुण्यांनी बटन दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा त्यांनी ते असं चेचलं की टेबलावरची फुलदाणी आडवी झाली. बटन कशालाच जोडलेलं नव्हतं, ते नुसतंच ठेवलेलं होतं. वेबसाइट उघडायचं काम पडद्यामागं मी करणार होते आणि मला इशारा देणारे सर माईकवर होते. शेवटी मीच उघडली. टाळ्या पाहुण्यांना पडल्या.

त्यात सगळ्यात मोठा सत्कार झाला बालहुतात्म्याच्या वारसाचा. सरांनी आडनाव आणि गावावरून त्या पोरीच्या सख्ख्या भावाचा नातू शोधून काढला होता. उमरीला त्याचं खताबियाण्याचं दुकान. भला माणूस. शाल अंगावर पडली तसा तो हमसून रडला. म्हणाला, “आमच्या घरात हुतात्मा झालं हे आम्हाला आजवर कुणी सांगितलंच न्हाई.” सगळं सभागृह गहिवरलं. मीसुद्धा डोळे पुसले, आता लाज वाटते सांगायला.

पेपरात बातमी आली, पोस्टरच्या फोटोसकट. आणि चौथ्या दिवशी सकाळी अकराला लायब्ररीतला फोन वाजला.

“तूच का गं ती, म्या मेले म्हून छापनारी?”

मला वाटलं रॉंग नंबर. “कोण बोलतंय?”

पलीकडच्या म्हातारीनं नाव सांगितलं. मी टाइप केलेलं नाव. मग बापाचं, आडनाव, गाव, वाडीची वाट, नदीतला उतार, सगळं. दिवसाढवळ्या लायब्ररीत पंख्याखाली बसून मला घाम फुटला.

“लातुरातून बोलून राहिले,” ती म्हणाली. “सुनंनं पेपर वाचून दाखवला. म्हनली, आत्याबाई, तुमच्या माहेरच्या गावची पोर हाय बगा, लढाईत मेली. म्या नाव इचारलं. अन् हातातल्या शेंगा तशाच ऱ्हायल्या माय.”

“पण आजी, वहीत तुमचं नाव वैशाखात एकदम बंद होतं...”

“हुईन न्हाई तर काय? लगीन झालं की माझं! पोलिसाच्या डोळ्यावर आले म्हून बापानं घाईनं उजवून टाकलं, पार लातूरकडं. ताटात तांदूळ पसरला अन् नवऱ्यानं अंगठीनं दुसरं नाव लिवलं. त्या दिसापून ते नाव गेलं.”

घ्या. एवढंच झालं होतं. पोरीचं लग्न झालं होतं. सर तिला कधी गोळी घालायचे, कधी नदीत बुडवायचे, दोन पानांत दोन शक्यता मांडल्या होत्या त्यांनी. आणि मी, जिच्या स्वतःच्या आईचं नाव लग्नात असंच बदललं होतं, माझ्याही डोक्यात हे येऊ नये? स्वतःच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं.

“चुकलं आजी,” मी म्हणाले. “उद्याच्या उद्या दुरुस्त करते. दुसरं काही पाहिजे का तुम्हाला? सत्कार, प्रमाणपत्र...”

“शाल-नारळाचं काय करू? मला त्या मेलेल्यातून काढ, बास.” मग म्हणाली, “बग बाई, ते नाव घेनारं आता कोनी न्हाई. माय गेली, बाप गेला. भाऊ तेवढा म्हनायचा, तोबी गेला. सासरी कुनाला ठावंच न्हाई. सत्तर-पंचाहत्तर वर्सानं कुनी ते नाव घेतलं, अन् घेतलं तर मेलीचं म्हून घेतलं. मला एकदा जित्तेपनी ऐकायचंय ते.”

मी “हाव आजी, हाव आजी” करत राहिले.

सरांकडं गेले. सरांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा पोस्टरमधल्या पोरीसारखा झाला, डोळे टपोरे. पंधरा दिवसांनी लातूरला चर्चासत्र होतं. सरांचा निबंध छापून झाला होता: मुक्तिसंग्रामातील बालहौतात्म्य. तेवीस पानं, तळटिपांसह.

“पुरावा काय?” सर म्हणाले. “आधार कार्डावर कोणतं नाव आहे?”

“सासरचं.”

“रेशन कार्डावर?”

“सर, सगळीकडं सासरचंच असणार ना.”

“मग कुणीही उठून म्हणेल मी हुतात्मा आहे म्हणून! चर्चासत्र होऊन जाऊ द्या. मग समिती नेमू.” आणि जाता जाता हळूच म्हणाले, “तुमचा करार कधी संपतोय हो मॅडम?”

खोटं कशाला सांगू, घरी जाऊन भांडी आपटली, नवऱ्यावर विनाकारण खेकसले, पण सरांपुढं ब्र काढला नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला फोन. “झाले का गं जित्ती?”

“अजून न्हाई आजी.”

तिसऱ्या दिवशी अकराला फोन. “आज?”

“सरांची सही राहिलीय आजी.”

रोज अकराला. घड्याळाकडं बघायची गरजच उरली नाही. एकदा म्हणाली, “लवकर कर माय, न्हाई तर खरंच मरून जाईन अन् तुमचं बरोबर निघंल.” आणि खो खो हसली. मी नाही हसले. मला त्याचीच भीती वाटत होती. शेवटी एका अकरा वाजता माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि मी म्हणाले, “आजी, सर लातूरलाच येऊन राहिलेत. सही कशाला मागायची? तुम्हीच या.”

लातूरच्या चर्चासत्राला मी नोंदणीच्या टेबलावर होते. प्रत्येकाला एक पिशवी, पिशवीत एक वही, एक न उमटणारा पेन आणि गळ्यात अडकवायचा बिल्ला. उद्घाटन दीड तास उशिरा. समई पेटेना, कारण वर पंखा गरगरत होता. पंखा बंद केला तर पाहुणे उकडून काढल्यासारखे दिसायला लागले. पंखा लावला की समई विझे. अर्धा तास देशाचा इतिहास समई आणि पंख्याच्या मध्ये अडकून पडला होता.

तेवढ्यात ऑटोतून ती उतरली. सोबत साठीची सून. म्हातारी एवढीशी, हिरवं इरकल नेसलेली, केस म्हणाल तर कापूस. माझ्यापुढं उभी राहून म्हणाली, “तूच ना ती?” आवाज ओळखीचाच. मी पाया पडले. तिनं माझा गालगुच्चा घेतला, चांगला दुखेपर्यंत. म्हणाली, “मारलंस ते मारलंस.”

“आजी, बिल्ल्यावर कोणतं नाव लिहू?”

“तेच.”

मी ते मोठ्या अक्षरात लिहिलं आणि तिच्या गळ्यात घातलं. तिनं दोन बोटांनी चाचपून पाहिलं. मग सरळ जाऊन पहिल्या रांगेत बसली. आयोजकांपैकी एक जण धावत आले, “आजी, ही रांग मान्यवरांसाठी आहे.”

“मंग म्या कोन हाय?” म्हातारी म्हणाली.

ते बिल्ला न वाचताच निघून गेले. चर्चासत्रात कुणीच कुणाचा बिल्ला वाचत नाही.

सरांचं भाषण सुरू झालं. मागं पडद्यावर पोस्टर, डाव्या बाजूला वहीचं पान. उमरीचा नातूही आला होता, गेल्या खेपेची शाल पांघरूनच. सर बोलता बोलता नदीकाठी पोचले, गोळीबार झाला, पाण्यात भाकरी वाहत गेली. मग त्यांनी पोरीचं पूर्ण नाव घेतलं आणि म्हणाले, “या चिमुकल्या हुतात्म्यासाठी आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या.”

अख्खं सभागृह उभं राहिलं. खुर्च्या कुरकुरल्या आणि शांत झालं. पहिल्या रांगेत एकटी म्हातारी बसून.

मघाचे आयोजक वाकून कुजबुजले, “आजी, उठा. श्रद्धांजली चालू आहे.”

शांततेत म्हातारीचा आवाज खणखणीत घुमला. “म्या कामून उठू? ज्याची मयत हाय तो कुठं उठतोय व्हय?”

कुणीतरी मागं फिसकन हसलं. सर डोळे मिटूनच म्हणाले, “कृपया शांतता.”

“माझंच नाव घेतलं की आत्ता! मला कोनी मारलंच न्हाई. नदीत भाकर सोडायला म्या काय येडी हाय? जवारी लई महाग होती तवा.”

दोन मिनिटं काही पूर्ण झाली नाहीत. मागून आवाज सुरू झाले, मोबाइल वर निघाले. उमरीचा नातू शाल सावरत पुढं आला, बघतो तर काय, “अगं आत्याआजी, तू? तू तर लातूरची आत्या!” गेल्याच वर्षी हा पठ्ठ्या तिच्या पणतीच्या लग्नात पंगत वाढत होता. घरात सगळे तिला लातूरची आत्याच म्हणायचे. तिचं माहेरचं नाव काय, हे विचारायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. रक्ताच्या आत्याआजीच्या नावानं शाल घेतली आणि आत्याआजीला ओळखलं नाही.

सर सावरले. अध्यक्षांशी कुजबुजले आणि माईकवर आले. “आजींच्या भावनांचा आदर आहे. परंतु नाव तर पेपरातही आलंय, कुणीही वाचू शकतं. इतिहास पुराव्यावर चालतो. आजी, तुमच्याकडं काही पुरावा?”

मला एवढा राग आला ना! मेली म्हणताना पुरावा लागला नव्हता, जिवंत आहे म्हणायला लागत होता. म्हातारी मात्र पडद्याकडं बघत होती. सुनेला म्हणाली, “त्या कागदावर काय लिवलंय? वाच.” सुनेनं वाचलं. ‘भाकरीसोबत चिठ्ठी. गाठ ठीक.’

“गाठ म्हणजे शस्त्रं,” सर म्हणाले. “निबंधात आलंच आहे.”

“कशाचे शस्त्रं! फडक्याची गाठ.” ती उठली, नातवाच्या अंगावरची शाल ओढली, सुनेचा हात धरून व्यासपीठावर चढली आणि टेबलावरचा सत्काराचा एक नारळ उचलला. “भाकर फडक्यात बांधायची, भाकरीत चिठ्ठी. वाटंत पोलिसानं सोडून बघितलं तर त्याला पुन्हा तशी बांधता येऊ नये, म्हून मायनं शिकवली ही गाठ. तिथं पोचलं की आधी गाठ बघायचे. बिघडली असंल तर चिठ्ठी उघडायचेच न्हाईत.” बोलता बोलता तिनं नारळ शालीत घातला, चार टोकं धरली, बोटं दोनदा फिरली आणि गाठोडं सरांपुढं ठेवलं. “सोडा.”

सरांनी ओढून पाहिलं. गाठ आणखी घट्ट झाली. अध्यक्षांनी चष्मा लावून पाहिलं. एका प्राध्यापकांनी दात लावले. दुसरे म्हणाले कात्री आणा. व्यासपीठावर पाच डॉक्टरेट होत्या आणि एक नारळ सुटेना. सभागृहात हसू फुटलं. म्हातारीनं एक टोक धरून नुसतं हिसडलं आणि नारळ घरंगळत अध्यक्षांच्या पायाशी गेला.

“कौशल्य वाखाणण्याजोगं आहे,” सर म्हणाले, “पण अशा गाठी त्या काळी अनेकांना येत असतील.”

तेव्हा मी उठले. नोंदणीच्या टेबलावरून उठून, मधल्या वाटेनं, सरळ माईकपाशी. करार संपायला एकवीस दिवस होते.

“सर, ती वही मी टाइप केलीय,” मी म्हणाले. “त्यातलं एक पान स्कॅनमध्ये धूसर आलं म्हणून मी पुन्हा करायला ठेवलं होतं. ते वेबसाइटवर चढलंच नाही. कुठंच छापलं नाही. तुम्ही पण वाचलं नाही. त्यात लिहिलंय: ‘मुलगी डावरी. गाठ उलटी बसते. ठीक.’ आजीनं आत्ता कोणत्या हातानं बांधली?”

सगळे म्हातारीकडं बघायला लागले. तिनं स्वतःच्या डाव्या हाताकडं बघितलं, जसा काही आज पहिल्यांदा दिसला. “सासरी नाव बदललं,” ती म्हणाली, “जेवायचा हातबी मारून मारून बदलला. गाठ तेवढी तशीच ऱ्हायली.”

टाळ्या वाजल्या त्या खऱ्या वाजल्या, बटन दाबून नव्हे. सर माईक जवळ ओढून म्हणाले, “मित्रहो, आजच्या चर्चासत्राची ही सर्वांत मोठी उपलब्धी म्हणावी लागेल.” आणि त्यावर पुढं पंचवीस मिनिटं बोलले. शप्पथ सांगते, पंचवीस मिनिटं.

करार वाढला. सरांनीच सही केली, माझ्याकडं न बघता. सॉफ्टवेअरवाल्यांना पत्र गेलं आणि ‘पुढे काय झाले’ या रकान्यात पाचवा पर्याय आला: ‘विवाह, नाव बदलले’. तो आला तसं मला राहवेना. हुतात्म्यांच्या यादीतल्या बाकीच्या पोरीबाळी मी एकेक उघडून बघायला लागले. कोण लग्नसराईत नाहीशी झाली, कोण तुळशीच्या लग्नानंतर. सरांना कळलं तेव्हा ते हात जोडून म्हणाले, “मॅडम, आता आणखी कुणाला उठवू नका.” मी अजून शोधून राहिले. सापडली एखादी तर सरांना सांगीन, किंवा नाहीही सांगणार.

महिन्याभरानं मी लॅपटॉप घेऊन लातूरला गेले. म्हातारीचं घर बाजारामागच्या गल्लीत, पुढं किराणा दुकान, मागं छोटं अंगण. ती अंगणात पाटावर बसली होती, पुढ्यात शेंगांचं सूप. गुडघे धरलेले, म्हणून तिला पाटावरून उठवायला सून आणि नातसून दोघी लागतात. मी तिच्या नावाचं पान उघडलं. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून वाचून दाखवलं: माहेरचं नाव, सासरचं नाव, कामगिरी, गाठ, आणि शेवटी मी स्वतः जोडलेला शब्द, ‘हयात’.

“म्हंजे?” ती म्हणाली.

“म्हणजे जित्ती आजी.”

“बरं झालं.” दोन शेंगा फोडल्या तिनं. मला वाटलं होतं रडेल, हसेल. काहीच नाही. मला जरा वाईटच वाटलं. मग ती म्हणाली, “हे वाचल्यावानी वाटतंय गं. सरानं बी वाचलं, तू बी वाचलीस. माझा बाप वाचायचा न्हाई. तो शेताकडनं यायचा अन् वाडीच्या तोंडाशी येऊन हाक मारायचा. तशी मार.”

“आत्ता?”

“मंग कवा? जा, गल्लीच्या तोंडाशी जा.”

मी गेले. दुकानात गिऱ्हाईक होतं, समोर एक जण स्कूटर पुसत होता, मला लाज वाटत होती. नव्वदीच्या बाईला नुसत्या नावानं, अगं करून हाक कशी मारायची? पण मारली. पूर्ण ताकदीनं, बाजारात मारतात तशी, शेवटचं अक्षर लांबवून. गल्लीत माणसं वळून बघायला लागली. या नावाचं इथं कुणी राहत नाही, असं दुकानातून तिचा नातूच सवयीनं मला सांगायला लागला.

आणि आतून आवाज आला, “ओऽऽ! आले, आले!”

मी पळत अंगणात गेले. सूप पालथं पडलं होतं, शेंगा सगळीकडं, आणि पाटावरून कुणीही हात न देता ती उठून उभी राहिली होती.